प्रवासी, प्लग आणि विद्युत् दाब

१. दोन प्रश्न, एक नव्हे

एका देशात विकत घेतलेले विजेचे उपकरण दुसऱ्या देशात नेले, तर ते तेथे चालेल की नाही, हा प्रश्न एके काळी थोड्याच लोकांना पडत असे. आज तो घरोघरी पडतो. बंगळूर शहराचेच उदाहरण घ्यावे. देवनहळ्ळीजवळचा केंपेगौडा विमानतळ २००८ साली सुरू झाला. तेथून शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा परदेशी स्थायिक झालेल्या मुलामुलींना भेटण्यासाठी निघणाऱ्या प्रवाशांच्या सामानात एखादे तरी विजेचे उपकरण असतेच. कोणाजवळ दाढीचे यंत्र असते, कोणाजवळ केस वाळविण्याचे. एखाद्या वृद्ध गृहस्थाबरोबर रात्री श्वासोच्छ्वासास साहाय्य करणारे यंत्र असते, तर एखादी आई लेकीच्या संसारासाठी चटणी वाटण्याचा मिक्सर कपड्यांत गुंडाळून नेते. उलट दिशेनेही हीच वाहतूक चालते. अमेरिकेतून किंवा जपानहून या शहरात शिकावयास अथवा संशोधनास येणारा विद्यार्थी आपल्या देशातील उपकरणे घेऊन उतरतो.

उपकरण भिंतीतील सॉकेटला जोडण्यापूर्वी या सर्वांपुढे दोन प्रश्न उभे राहतात. पहिला प्रश्न आकाराचा आहे: उपकरणाचा प्लग तेथील सॉकेटमध्ये बसेल काय? दुसरा प्रश्न विजेच्या गुणधर्मांचा आहे: तेथील वीज या उपकरणाला मानवेल काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बाजारात थोड्या पैशांत मिळते. त्यामुळे तो सुटला की सारेच सुटले, असा पुष्कळांचा समज होतो, आणि धोका नेमका येथेच निर्माण होतो. प्लग बसत नाही तोवर उपकरण सुरक्षित असते. तो बसला, पण वीज मानवली नाही, तर उपकरण जळते आणि कधी घरालाही आग लागते. म्हणून या दोन प्रश्नांचा विचार निरनिराळा केला पाहिजे.

२. कावेरीच्या धबधब्यापासून घरातील दिव्यापर्यंत

विद्युत् दाब म्हणजे काय, हे समजण्यासाठी बंगळूरच्या विजेचा इतिहास उपयोगी पडतो. म्हैसूर संस्थानचे दिवाण के. शेषाद्री अय्यर यांच्या कारकीर्दीत कावेरी नदीवरील शिवनसमुद्र येथील धबधब्याच्या साहाय्याने वीज निर्माण करण्याची योजना आकारास आली. तिच्या आखणीत आणि उभारणीत ए. जे. द लोत्बिनिएर या अभियंत्याचा मोठा वाटा होता. १९०२ सालच्या जून महिन्यात हे केंद्र सुरू झाले. तेथील वीज प्रथम कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळाली. केंद्रापासून खाणींचे अंतर सुमारे १४७ किलोमीटर होते, आणि इतक्या लांब वीज वाहून नेणे ही त्या काळी मोठीच धाडसाची गोष्ट होती. पुढे ५ ऑगस्ट १९०५ रोजी याच केंद्राच्या विजेवर बंगळूर शहरातील दिवे उजळले.

धबधब्याचे पाणी जितक्या अधिक उंचीवरून पडते, तितक्या जोराने ते पाणचक्क्यांची पाती फिरविते. ही उंची म्हणजेच विजेच्या बाबतीत दाब होय. तो व्होल्ट या एककात मोजतात. दर सेकंदाला किती पाणी वाहिले, याच्याशी प्रवाहाची तुलना करता येते; प्रवाह अँपिअरमध्ये मोजतात. नळ अरुंद असेल तर पाण्याला अडथळा होतो. तसाच अडथळा तार विजेला करते. त्याला रोध म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. दाबाला रोधाने भागले की प्रवाह मिळतो; दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार केला की उपकरण वापरत असलेली शक्ती वॅटमध्ये मिळते. एवढे दोन नियम ध्यानात ठेवले, तर या पाठातील बहुतेक गोष्टी आपोआप उलगडतात.

शिवनसमुद्राहून निघालेल्या वीजवाहिनीवरील दाब तीस-पस्तीस हजार व्होल्ट इतका ठेवला होता. याचे कारण असे की, तीच शक्ती अधिक दाबाने पाठविली असता प्रवाह कमी लागतो, आणि प्रवाह कमी झाला म्हणजे तारा तापून होणारी हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. प्रवाह निम्मा केला तर हानी एक चतुर्थांश उरते. परंतु हजारो व्होल्टांची वीज घरात आणता येत नाही. म्हणून ती गावाच्या वेशीवर आणि पुन्हा गल्लीच्या तोंडाशी रोहित्रांच्या साहाय्याने उतरवितात. भारतात घरी पोचणाऱ्या विजेचा ठरलेला दाब २३० व्होल्ट आहे.

३. सारे जग एका दाबावर का आले नाही?

घरातील दाब २३० व्होल्टच असावा, असा निसर्गाचा काही नियम नाही. अमेरिकेत व कॅनडात तो १२० व्होल्ट आहे आणि जपानात १०० व्होल्ट. हा भेद इतिहासातून आला आहे.

टॉमस एडिसन याने ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्क शहरातील पर्ल स्ट्रीट येथील केंद्रातून वीज पुरविण्यास आरंभ केला. त्या वेळच्या कार्बनच्या तंतूच्या दिव्यांना सुमारे ११० व्होल्टांचा दाब सोईचा होता. त्याहून अधिक दाबाचे टिकाऊ दिवे करणे अवघड होते. त्यामुळे अमेरिकेतील दिवे आणि त्यांच्या मागोमाग आलेली इतर उपकरणे याच दाबाभोवती घडत गेली. युरोपात विजेचा प्रसार काहीसा उशिरा झाला. तोवर दिव्यांत सुधारणा झाली होती. १९ व्या शतकाच्या अखेरीस बर्लिन शहराच्या वीज कंपनीने आपला दाब दुप्पट करून २२० व्होल्टांवर नेला. त्यामुळे जमिनीखाली आधीच पुरलेल्या तांब्याच्या तारांतून अधिक शक्ती पुरविता येऊ लागली. अमेरिकेत मात्र तोवर ११० व्होल्टांचे दिवे इतके पसरले होते की, सर्व ग्राहकांना ते बदलावयास लावणे परवडणारे नव्हते. भारताने युरोपीय, विशेषतः ब्रिटिश, पद्धतीचा मार्ग धरला.

एकदा पसरलेली पद्धत बदलणे किती अवघड असते, याचे उदाहरण महाराष्ट्रात सर्वांच्या डोळ्यांसमोर घडले आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत भारतातील पहिली विजेची आगगाडी धावली. ती १,५०० व्होल्टांच्या एकदिश प्रवाहावर चालत असे. पुढे देशभर २५,००० व्होल्टांची प्रत्यावर्ती प्रवाहाची पद्धत रूढ झाली. पण मुंबईच्या उपनगरी मार्गांचे रूपांतर पश्चिम रेल्वेवर २०१२ साली आणि मध्य रेल्वेवर २०१६ साली पूर्ण झाले. मधल्या काळात दोन्ही प्रकारच्या विजेवर चालू शकतील अशा गाड्या वापराव्या लागल्या. गाडी तीच, प्रवासी तेच, परंतु वरच्या तारेतील वीज बदलली की गाडीच्या पोटातील योजना बदलत असे. परदेशी जाणाऱ्या उपकरणालाही अशीच दुहेरी सोय लागते. ती त्याच्यात आहे की नाही, एवढेच पाहावयाचे असते.

४. दाब चुकला तर काय होते?

प्रथम भारतातून अमेरिकेत नेलेल्या उपकरणाचा विचार करू. समजा, एक इस्त्री २३० व्होल्टांवर १,१५० वॅट शक्ती घेते. तिच्यातून ५ अँपिअर प्रवाह वाहतो. म्हणजेच तिच्या तारेचा रोध ४६ ओहम आहे. ती १२० व्होल्टांच्या सॉकेटला जोडली, तर प्रवाह सुमारे २.६ अँपिअर इतकाच होईल आणि शक्ती सुमारे ३१३ वॅट भरेल. दाब जवळजवळ निम्मा झाला, पण उष्णता मात्र जवळजवळ चौथाईवर आली. इस्त्री बिघडणार नाही. ती फक्त कोमट राहील.

आता उलट प्रवास पाहू. समजा, अमेरिकेतून बंगळूरला आलेल्या विद्यार्थिनीजवळ केस वाळविण्याचे यंत्र आहे आणि त्यावर १२० व्होल्ट, १,२०० वॅट असे लिहिले आहे. त्यातून १० अँपिअर प्रवाह वाहतो. म्हणजे त्याचा रोध १२ ओहम आहे. त्याला २३० व्होल्टांचा दाब मिळाला, तर प्रवाह १९ अँपिअरांच्या वर जाईल आणि शक्ती सुमारे ४,४०० वॅट होईल. यंत्राची तार, निरोधक आवरण आणि आतील पंखा यांपैकी काहीही एवढ्या उष्णतेसाठी बनविलेले नसते. काही क्षणांतच धूर येतो, तार वितळते आणि जवळ पडदा किंवा अंथरूण असेल तर ते पेट घेऊ शकते. भारतातील लहान सॉकेट ६ अँपिअरांसाठी असते व मोठे १६ अँपिअरांसाठी. हा प्रवाह दोन्ही मर्यादा ओलांडतो. घरातील वितळतार किंवा स्वयंचलित खटका वेळीच तुटला तर मोठी हानी टळते. परंतु त्यावर भिस्त ठेवून प्रयोग करणे शहाणपणाचे नव्हे. तात्पर्य, कमी दाबाचे उपकरण अधिक दाबावर लावणे हा खरा धोका आहे.

मिक्सरची गोष्ट थोडी निराळी आहे. भारतीय मिक्सर १२० व्होल्टांवर फिरेल, पण मंदपणे. भिजलेली डाळ किंवा ओले खोबरे घातले की त्याची पाती अडखळतील. अडलेल्या मोटरीला वीज मिळत राहते, पण तिची वेटोळी थंड ठेवणारा वारा मात्र मिळत नाही. त्यामुळे दाब कमी असूनही ती तापून निकामी होऊ शकते. म्हणजेच, दाब कमी पडला तर धोका मुळीच नाही, असा नियम मोटरींना लावता येत नाही.

दाब बरोबर असला तरी काम मानवले पाहिजे, हेही येथे सांगितले पाहिजे. भारतीय मिक्सरचा जन्मच या अनुभवातून झाला. सीमेन्स कंपनीत काम करणारे अभियंते सत्यप्रकाश माथुर यांच्या घरचा जर्मन बनावटीचा मिक्सर भारतीय पद्धतीचे वाटण वाटताना निकामी झाला. त्यांच्या पत्नी माधुरी माथुर यांच्या आग्रहावरून त्यांनी येथील स्वयंपाकाला पुरेल अशा दमदार मोटरीचा विचार सुरू केला. त्यातून १९६३ साली त्यांची कंपनी उभी राहिली आणि पुढे ‘सुमीत’ मिक्सर घरोघरी पोचला. त्या परदेशी यंत्राला येथील दाब परका नव्हता. परके होते ते येथील वाटण.

५. कंप्रता: दर सेकंदाची आवर्तने

घरी येणारा प्रवाह प्रत्यावर्ती असतो, म्हणजे त्याची दिशा सतत उलटसुलट होत असते. दर सेकंदाला होणाऱ्या पूर्ण आवर्तनांच्या संख्येस कंप्रता म्हणतात आणि ती हर्ट्झमध्ये मोजतात. भारत, युरोप, ऑस्ट्रेलिया व चीन येथे ती ५० हर्ट्झ आहे. अमेरिका व कॅनडा येथे ६० हर्ट्झ. जपान हा एकच देश असा आहे की, ज्याच्या पूर्वभागात ५० आणि पश्चिमभागात ६० हर्ट्झची वीज आहे. १८९० नंतरच्या दशकात टोकियोने जर्मनीतून जनित्रे आणविली आणि ओसाकाने अमेरिकेतून. त्या दोन खरेद्यांचा परिणाम आजही टिकून आहे. २०११ सालच्या मार्चमध्ये भूकंप व त्सुनामी यांमुळे पूर्वेकडील वीजकेंद्रे बंद पडली, तेव्हा पश्चिमेकडील वीज पुरेशा प्रमाणात तिकडे वळविता आली नाही. कारण कंप्रता बदलणारी केंद्रे फारच मर्यादित क्षमतेची होती.

दिवा, इस्त्री किंवा पाणी तापविण्याचे यंत्र यांना कंप्रतेचा फरक जाणवत नाही. ज्यांची गती आवर्तनांच्या तालावर अवलंबून असते, त्यांना मात्र तो जाणवतो. ६० हर्ट्झसाठी केलेले विजेचे भिंतीवरील घड्याळ योग्य दाब मिळूनही ५० हर्ट्झवर तासाला दहा मिनिटे मागे पडते. दिवसाअखेर ही चूक चार तासांची होते. ६० हर्ट्झसाठी आखलेले रोहित्र ५० हर्ट्झवर लावल्यास त्याच दाबाला त्याच्या लोखंडी गाभ्यातील चुंबकीय स्रोत एक पंचमांशाने वाढतो आणि ते अधिक तापते. मिक्सरमध्ये बहुधा ज्या प्रकारची मोटर असते, ती दोन्ही कंप्रतांवर चालते. म्हणून मिक्सरच्या बाबतीत मुख्य अडचण दाबाची असते, कंप्रतेची नव्हे.

६. प्लगचे आकार

आता पहिल्या, म्हणजे आकाराच्या प्रश्नाकडे वळू. जगात प्लगांचे डझनभर प्रकार आहेत आणि ते इंग्रजी अक्षरांनी ओळखले जातात. भारतातील तीन गोल पिनांच्या प्लगाचे मूळ ब्रिटिश आहे. १९३४ सालच्या ब्रिटिश मानकात या गोल पिनांची मापे निश्चित झाली होती. १९४७ साली ब्रिटनने चपट्या चौकोनी पिनांचा आणि आत वितळतार बसविलेला नवा प्लग मानक म्हणून स्वीकारला. त्याच वर्षी स्वतंत्र झालेल्या भारताने मात्र जुनाच गोल पिनांचा प्लग चालू ठेवला. भारतीय मानक संस्थेने १९५८ साली त्यासाठी स्वतःचे मानक प्रसिद्ध केले व पुढे त्यात वेळोवेळी सुधारणा झाल्या. म्हणून बंगळूरचा प्लग आज लंडनमध्ये बसत नाही.

निरनिराळ्या देशांची स्थिती थोडक्यात अशी आहे:

भारत: सुमारे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, तीन गोल पिनांचा लहान ‘डी’ व मोठा ‘एम’ प्रकार.

ब्रिटन, सिंगापूर, मलेशिया, संयुक्त अरब अमीरात: सुमारे २३० ते २४० व्होल्ट, ५० हर्ट्झ, तीन चौकोनी पिनांचा ‘जी’ प्रकार.

जर्मनी, फ्रान्स व शेजारचे देश: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ; दोन गोल पिनांचे ‘सी’, ‘ई’ व ‘एफ’ प्रकार.

अमेरिका व कॅनडा: १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, दोन चपट्या पिनांचा ‘ए’ आणि भूसंपर्काची तिसरी पिन असलेला ‘बी’ प्रकार.

जपान: १०० व्होल्ट, ५० अथवा ६० हर्ट्झ, मुख्यतः ‘ए’ प्रकार.

ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, तिरक्या चपट्या पिनांचा ‘आय’ प्रकार.

या यादीवरून एक गोष्ट सहज दिसते. लंडन, दुबई, बर्लिन किंवा सिडनीला जाणाऱ्या भारतीय प्रवाशाला केवळ आकाराची अडचण आहे. न्यूयॉर्क, टोराँटो किंवा टोकियोला जाणाऱ्यास आकार आणि दाब या दोन्ही अडचणी आहेत.

७. अॅडॅप्टर आणि रोहित्र यांतील भेद

प्रवाशांच्या दुकानात ‘अॅडॅप्टर’ या नावाने मिळणारी लहान डबी एका आकाराच्या पिनांना दुसऱ्या आकाराच्या छिद्रांशी जोडते. तिच्यात पितळेच्या पट्ट्यांपलीकडे बहुधा काही नसते. जेवढा दाब भिंतीतून येतो, तेवढाच तो उपकरणापर्यंत पोचतो. अॅडॅप्टर हा दुभाषा नव्हे. तो केवळ दार उघडणारा द्वारपाल आहे.

दाब बदलण्यासाठी रोहित्र लागते. मायकेल फॅरडे याने १८३१ साली विद्युत् चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला, त्यावर रोहित्राचे कार्य आधारलेले आहे. लोखंडी गाभ्याभोवती तारेची दोन वेटोळी गुंडाळलेली असतात. एकातून प्रत्यावर्ती प्रवाह गेला की गाभ्यातील चुंबकत्व सतत बदलते आणि त्यामुळे दुसऱ्या वेटोळ्यात विद्युत् दाब निर्माण होतो. दुसऱ्या वेटोळ्यातील फेरे पहिल्याच्या निम्मे असतील, तर दाबही निम्मा मिळतो. फेरे दुप्पट असतील, तर दाब दुप्पट होतो. कंप्रता मात्र रोहित्र बदलू शकत नाही.

रोहित्र निवडताना त्याची क्षमता पाहावी लागते. ७५० वॅटचा भारतीय मिक्सर अमेरिकेत चालवावयाचा असेल, तर रोहित्र ७५० वॅटहून बरेच अधिक क्षमतेचे हवे. कारण सुरू होताना मोटर काही क्षण नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक प्रवाह ओढते. भिंतीतील १२० व्होल्टांच्या सॉकेटमधूनही त्यासाठी ६ अँपिअरांहून अधिक प्रवाह सतत येतो. असे रोहित्र काही किलोग्रॅम वजनाचे असते. ते सामानात वाहून नेण्यापेक्षा अमेरिकेसाठी खास बनविलेला ११० व्होल्टांचा मिक्सर घेणे बहुधा अधिक सोईचे ठरते. भारतातील काही कारखाने असे मिक्सर तयार करतात. तोच मिक्सर परत येताना बंगळूरला आणला, तर मात्र त्याला येथील सॉकेटमध्ये थेट लावता येणार नाही, याची आठवण ठेवावी.

बाजारात हलक्या वजनाचे आणि स्वस्त असे इलेक्ट्रॉनिक परिवर्तकही मिळतात. त्यांतील पुष्कळसे विजेच्या प्रत्येक तरंगाचा काही भाग कापून टाकतात. इस्त्रीसारख्या केवळ तापणाऱ्या उपकरणाला ते चालतात. परंतु मोटर किंवा इलेक्ट्रॉनिक मंडल असलेल्या यंत्रांना अशी तुटक वीज मानवत नाही. वैद्यकीय यंत्र तर अशा परिवर्तकावर कधीही लावू नये.

८. उपकरणाच्या अंगावरची अक्षरे

या सर्व गुंतागुंतीतून सुटण्याचा मार्ग उपकरणाच्या पाठीवरच लिहिलेला असतो. प्रत्येक उपकरणावर किंवा त्याच्या चार्जरवर बारीक अक्षरांत त्याला लागणारा दाब आणि कंप्रता छापलेली असते. ‘इनपुट’ या शब्दापुढे १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असे लिहिले असेल, तर ते उपकरण वर दिलेल्या सर्व देशांत चालते आणि त्याला फक्त योग्य आकाराचा अॅडॅप्टर पुरतो. मोबाईल, संगणक व कॅमेरा यांचे आजचे बहुतेक चार्जर असेच असतात. ते येणाऱ्या प्रवाहाचे प्रथम एकदिश प्रवाहात रूपांतर करतात, नंतर सेकंदाला हजारो वेळा तो चालू-बंद करून लहानशा रोहित्रातून नेतात आणि बाहेर पडणारा दाब मोजून स्वतःच स्वतःला आवरतात. त्यामुळे आत १०० व्होल्ट येवोत की २४०, बाहेर पडणारा दाब तोच राहतो.

केवळ २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असे लिहिलेले असेल, तर ते उपकरण अमेरिका किंवा जपान येथे थेट वापरता येणार नाही. काही जुन्या उपकरणांवर ११० व २२० अशी दाब निवडण्याची कळ असते. ती प्लग लावण्यापूर्वी योग्य जागी सरकवावी लागते. श्वासोच्छ्वासाचे यंत्र नेणाऱ्याने ही अक्षरे घरीच वाचावी आणि शंका असल्यास यंत्राच्या निर्मात्याकडे चौकशी करावी. परक्या गावी मध्यरात्री यंत्र बंद पडले, तर तेथे चौकशीला वेळ नसतो.

९. तिसरी पिन कशासाठी?

भारतीय प्लगाची तिसरी, सर्वांत जाड व लांब पिन वीज पुरवीत नाही; म्हणून ती निरुपयोगी आहे, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः प्राणरक्षणाचे काम तीच करते. ती उपकरणाच्या धातूच्या अंगाला जमिनीशी जोडते. इस्त्रीच्या आतील तारेचे आवरण झिजून ती तार बाहेरच्या धातूला टेकली, तर या पिनेच्या मार्गाने मोठा प्रवाह जमिनीत जातो आणि वितळतार तुटते. ही पिन नसेल, तर तोच धातू २३० व्होल्टांवर राहतो आणि हात लावणाऱ्या माणसाच्या शरीरातून वीज जमिनीत जाते. पिन लांब ठेवण्याचे कारण असे की, प्लग आत घालताना भूसंपर्क सर्वांआधी जोडला जावा आणि काढताना सर्वांत शेवटी तुटावा.

यावरून काही चुकीच्या सवयींचे गांभीर्य कळून येईल. तीन पिनांच्या प्लगाची तिसरी पिन कापणे, दोन पिनांचा प्लग बसावा म्हणून भूसंपर्काच्या छिद्रात काडी घालून आतील पडदा उघडणे, किंवा तीन पिनांचे उपकरण दोन पिनांच्या अॅडॅप्टरमधून वापरणे, या सर्व गोष्टी संरक्षणाची भिंत पाडण्यासारख्या आहेत. ज्या उपकरणावर एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण असते, त्याला दुहेरी निरोधक आवरण असते; केवळ अशाच उपकरणांना दोन पिना पुरेशा आहेत.

सैल बसणारा प्लगही धोक्याचा असतो. युरोपातील लहान दोन पिनांच्या प्लगाच्या पिना ४ मिलिमीटर जाडीच्या असतात, तर भारतीय ६ अँपिअर प्लगाच्या पिना सुमारे ५ मिलिमीटर जाडीच्या. त्यामुळे पहिला प्लग भारतीय सॉकेटमध्ये जातो, पण हलतो. स्पर्श अपुरा झाला की त्या ठिकाणी रोध वाढतो. समजा, तो केवळ अर्धा ओहम आहे आणि कोणी अशा सैल जोडणीतून ८ अँपिअरांचे उपकरण चालविले. तर त्या शेंगदाण्याएवढ्या जागेत ३२ वॅट उष्णता साचत राहील. प्लास्टिक काळे पडणे, जळका वास येणे आणि ठिणग्यांचा आवाज होणे ही त्याची पूर्वचिन्हे आहेत. ती दिसताच मुख्य कळ बंद करावी.

उपकरणे मानकांप्रमाणे आहेत की नाहीत, हे डोळ्यांनी कळत नाही; त्यासाठी प्रयोगशाळा लागतात. विजेच्या साधनसामग्रीवर संशोधन व तिची परीक्षा करणारी केंद्रीय विद्युत् संशोधन संस्था भारत सरकारने १९६० साली बंगळूर येथेच स्थापन केली. सामान्य ग्राहकाने एवढे करावे की, प्लग, सॉकेट व अॅडॅप्टर घेताना त्यावर मानकाची खूण आणि अँपिअरांचा आकडा आहे की नाही, हे पाहावे. ज्या वस्तूवर कोणताच आकडा नाही, ती कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

१०. विमानातील विद्युत्‌घट

प्रवासात बरोबर नेल्या जाणाऱ्या विद्युत्‌घटांचाही येथे उल्लेख केला पाहिजे. लिथियमचा घट बिघडला तर तीव्र आग लागते, आणि विमानाच्या मालकक्षात ती लवकर लक्षात येत नाही. म्हणून सुटे घट व पॉवर बँक मोठ्या सामानात न ठेवता हातातील सामानात ठेवावे लागतात. १०० वॅट-तासांपर्यंतचे घट सामान्यतः नेता येतात; १०० ते १६० वॅट-तासांच्या घटांसाठी विमान कंपनीची अनुमती लागते. २०,००० मिलिअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेत ३.७ व्होल्टांच्या दाबाने ७४ वॅट-तास ऊर्जा असते. २० अँपिअर-तासांना ३.७ ने गुणले की हा आकडा मिळतो.

११. सारांश

परदेशी जाणाऱ्याने उपकरण सामानात ठेवण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्या. उपकरणावर लिहिलेला दाब व कंप्रता कोणती, ज्या देशात जावयाचे तेथील दाब व कंप्रता कोणती, तेथील सॉकेट कोणत्या आकाराचे आणि उपकरणाला भूसंपर्काची आवश्यकता आहे काय? दाब जुळत असेल तर अॅडॅप्टर पुरे. जुळत नसेल तर पुरेशा क्षमतेचे रोहित्र हवे, नाहीतर ते उपकरण घरी ठेवून तेथेच दुसरे घेणे बरे. तापणारी उपकरणे व मोटरी यांच्या बाबतीत विशेष सावधगिरी बाळगावी. परदेशातून येणाऱ्या पाहुण्यालाही त्याचे उपकरण भारतीय सॉकेटमध्ये लावण्यापूर्वी यजमानाने हीच चौकशी करावी.

अभ्यासासाठी प्रश्न

१. २३० व्होल्टांवर २,३०० वॅट शक्ती घेणाऱ्या पाणी तापविण्याच्या यंत्राचा रोध काढा. तेच यंत्र जपानातील १०० व्होल्टांच्या विजेवर किती शक्ती घेईल?

२. ५० हर्ट्झसाठी केलेले विजेचे घड्याळ ६० हर्ट्झवर तासाला किती मिनिटे पुढे जाईल?

३. अॅडॅप्टर व रोहित्र यांतील भेद स्वतःच्या शब्दांत लिहा.

४. भारतीय प्लगाची तिसरी पिन अधिक लांब आणि अधिक जाड का असते? लांबीचे कारण पाठात दिले आहे. जाडीचे कारण सॉकेटची छिद्रे बाहेरूनच नीट पाहून सांगा. छिद्रांत कोणतीही वस्तू घालू नका.

५. घरातील पाच उपकरणांवरील अक्षरे, ती बंद असताना आणि प्लग काढून ठेवून, वाचा व त्यांपैकी कोणती अमेरिकेत केवळ अॅडॅप्टर लावून चालतील, याचा तक्ता करा.